रमाआत्या खाली रिक्षात आहे

आमच्या घरात वारशाने दागिने आले नाहीत, राग आला. आबांचा बाबांकडे आणि बाबांचा माझ्याकडे. त्यामुळे मे महिन्यातल्या रविवारी, भर दुपारी, कोणी बेल दाबून धरली तर मी दार कसं उघडते हे रोडपालीतल्या सगळ्या कुरिअरवाल्यांना ठाऊक आहे.

दारात एक मुलगी उभी होती. बावीस-तेवीसची असेल. डोक्याला फिकट पिवळा स्कार्फ, कपाळावर घाम, आणि आमच्या सिडकोच्या इमारतीचे तीन मजले चढून आल्याने लागलेली धाप.

"उदयसिंह इथेच राहतात ना?"

"झोपलेत. मी त्यांची मुलगी, रेवा. काय काम आहे?"

"माझं नाव यूम्ना. मी पनवेलहून आलेय, मोहल्ल्यातून." तिने स्कार्फच्या टोकाने कपाळ पुसलं. "माझी दादी त्यांची बहीण आहे. मोठी बहीण. रमा."

मला त्या पोरीची दयाच आली. म्हटलं, एवढ्या उन्हात चुकीच्या दारात आली बिचारी. "अगं, तुझी काहीतरी गफलत होतेय. बाबांना रमा नावाची बहीण होती, पण ती माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारली. तापाने. आम्ही दर सर्वपित्रीला तिचं पान वाढतो."

मग अगदी हळू आवाजात, जणू मलाच धक्का बसू नये म्हणून, ती म्हणाली, "नाही हो. ती खाली रिक्षात बसलीये."

आता हे ऐकून माणसाने काय करावं? मी आधी दार लावून घेतलं, मग उघडलं, मग पायात बाबांच्या चपला सरकवून तिच्यामागे जिना उतरले. उतरताना डोक्यात एकच चालू होतं. ते पान मी स्वतः वाढलं होतं. आई गेल्यापासून मीच वाढते. आईचं एक, आबा-आजीचं एक आणि रमाआत्याचं एक. तिच्या पानात आमसुलाची चटणी जास्त वाढायची, तिला आवडायची म्हणून, असं बाबा दर वर्षी न चुकता सांगतात. भाताची मूद बसकी झाली तर माझ्यावर ओरडतात. जिवंत माणसासाठी मी इतकी वर्षं ओरडा खाल्ला की काय?

रिक्षा गुलमोहराच्या सावलीत उभी होती. आत एक म्हातारी बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. बदामी रंगाची साडी, डोक्यावरून पदर, वर पातळ पांढरी ओढणी. तिने मान वळवली. आमच्या घरातलं नाक लपत नाही. बाबांचं, माझं आणि त्या बाईचं नाक एकाच साच्यातून काढलेलं होतं.

"तू उदयाची?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"ये, बस इथं बाजूला. उन्हात उभी राहू नको." आणि मग, जणू आम्ही रोज भेटतो अशा आवाजात, "झोपलाय ना तो? लहानपणी पण दुपारी मेल्यासारखा झोपायचा."

मी बसले नाही. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी राहिले आणि यूम्नाने मला सगळं भराभर सांगितलं. दादी बुधवारी हजला निघणार होती. यूम्नाचे अब्बा, मुआज, सोबत जाणार होते. हजला निघण्याआधी माणूस ओळखीच्या प्रत्येकाकडे जातो आणि म्हणतो, कहा-सुना माफ करा. ज्याचं मन दुखावलं त्याने स्वतःच्या तोंडाने माफ केल्याशिवाय जाणाऱ्याला चैन पडत नाही. महिनाभर दादी हेच करत फिरत होती. नळाच्या पाण्यावरून जिच्याशी वीस वर्षं अबोला होता त्या शेजारणीकडे जाऊन आली, नणंदेकडे उरणला जाऊन आली, मटणवाल्याच्या विधवेकडेही जाऊन आली, कारण एकदा तिच्या नवऱ्याला तिने वजनावरून भर बाजारात चोर म्हटलं होतं. सगळ्यांनी माफ केलं. एकच माणूस उरला होता आणि तो कुठे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

"आणि मग तो माझ्याकडेच आला," यूम्ना म्हणाली. ती कळंबोलीत चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गेल्या आठवड्यात बाबा चष्म्याचा नंबर काढायला गेले होते, तेव्हा मशीनमधून बघताना तिला त्यांच्या डाव्या भुवईवरची आडवी खूण दिसली. दादीच्या गोष्टीतल्या उदयाला तिथेच फळी लागली होती. नाव विचारलं, जन्मगाव विचारलं. मग दुकानाच्या कॉम्प्युटरमधून पत्ता काढला. "प्लीज कोणाला सांगू नका," ती म्हणाली, "नोकरी जाईल."

"त्याला सांग," म्हातारी म्हणाली, "रमा माफी मागायला आलीये. तो बोलावेल तर गुडघे मोडले तरी वर येईन. त्याला माझं तोंड बघायचं नसेल तर इथूनच जाईन. पण त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला जाता येत नाही, बाळा. तिथे उभी राहून मी काय सांगू?"

मी जिना चढले. दोन-दोन पायऱ्या घेत चढले. वाटेत मला बाबांचा असा काही राग येत होता की दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी "काय गं, पाणी गेलं का?" विचारलं, तर मी त्यांच्यावरही डाफरले. ताप! आमच्या घरात काय काय त्या तापावर ढकललं असेल कोण जाणे.

बाबा कूलरसमोर पालथे झोपले होते. मी कूलर बंद केला. याहून परिणामकारक उपाय आमच्या घरी नाही.

"काय झालं?" ते उठून बसले.

"बाबा, रमाआत्या कशाने गेली?"

"तापाने. हे विचारायला उठवलंस?"

"ती खाली रिक्षात आहे."

मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी उशाशी चाचपून चष्मा शोधला, तो डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा काढला. मग उठून स्वयंपाकघरात गेले. माठातलं पाणी प्यायले. तांब्या जागेवर ठेवला, तिथून उचलून दुसरीकडे ठेवला.

"रमाताई गेली," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मी स्वतः तिच्या नावाने आंघोळ केलीये."

"आंघोळ केली म्हणून माणूस मरत नाही, बाबा. तिचं नाव आता अमिरुन्निसा आहे. बुधवारी हजला चाललीये. तुम्ही माफ केलं एवढंच तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. वर बोलावू?"

"नको."

"मग तुम्ही खाली येता?"

"नाही."

"मग तिला काय सांगू?"

"सांग, घरी कोणी नाही." आणि सत्तरीला टेकलेले माझे वडील न्हाणीघरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

मी दारावर थापा मारल्या. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. मग मी फ्रीजमधून ताकाचा जग काढला, दोन पेले घेतले आणि पुन्हा खाली उतरले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना आणि एका जागी थांबवत तर मुळीच नव्हतं.

"न्हाणीघरात लपलाय?" म्हाताऱ्या बाईने विचारलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. "मग वेळ लागेल. आबांनी छडी काढली की तिथेच जाऊन बसायचा." तिने ताकाचा पेला घेतला, बिस्मिल्ला म्हणून एक घोट प्यायली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

मी शेवटी तिच्या शेजारी बसले. रिक्षावाला पुढच्या सीटवर पाय पसरून मोबाइल बघत होता आणि अधूनमधून आरशातून आमच्याकडेही बघत होता. त्याला बोलणं अर्धं ऐकू जात होतं, आणि उरलेलं अर्धं ऐकायची त्याची फार इच्छा दिसत होती.

"तुम्ही पळून गेलात?" मी विचारलं. असं तोंडावर विचारू नये हे मला कळतं, पण विचारून झाल्यावर कळतं.

"चालत गेले," ती म्हणाली. "पळायला काय झालं होतं?"

मग तिने सांगितलं. आबा तालुका कचेरीत कारकून. जुन्या पनवेलात भाड्याचं घर. तेव्हा घरोघरी भुशाची शेगडी असायची. मध्ये बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठोकून भरायचा, बाटली काढली की भोक राहायचं, त्यात खालून पेटवायचं. भुसा मिळायचा खाडीजवळच्या लाकडाच्या वखारीत. आठवड्यातून एकदा रमाने जायचं आणि पोतं उचलायला धाकट्या उदयाने सोबत जायचं, अशी घरची वाटणी होती. वखार अब्दुलच्या चुलत्याची. करवत अब्दुल चालवायचा.

"करवत चालू असली ना, की शेजारच्या माणसाला सुद्धा ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आम्ही भर दिवसा, भर माणसांत बोलायचो. उदया लाकडांवर उड्या मारत असायचा. तिथेच पडला एकदा, भुवई फुटली. अब्दुलने हळद दाबली, उचलून डॉक्टरकडे नेलं. उदयाला तो फार आवडायचा. त्याला करवतीचं चाक फिरवू द्यायचा ना."

"आणि घरी कोणाला संशय नाही आला?"

"आईला आला, पण भुशाचा. म्हणायची, शेगडी एक आणि भुसा तीन शेगड्यांचा. पोटमाळा भरला होता आमचा." ती हसली आणि एकदम थांबली. "आठवड्यातून दोनदा जायला लागले मी. मग तीनदा. वेडं वय असतं."

स्थळं यायला लागली. सातारकडचं एक जवळजवळ ठरलं. मग एका दुपारी ती गेली. मुंबईत निकाह झाला आणि थोड्याच दिवसांत दोघं बोटीने कुवेतला. अब्दुलला तिथे सुतारकाम मिळालं. मुलं तिथे झाली. नव्वद साली लढाई पेटली तेव्हा हातातल्या पिशव्यांनिशी बसमध्ये बसून वाळवंट ओलांडलं आणि जॉर्डनहून विमानाने मुंबई. पनवेलला आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती जुन्या घरापाशी गेली होती. दारात अनोळखी बाई. ते लोक केव्हाच गेले, म्हणाली, कुठे ते माहीत नाही.

ते मला माहीत होतं. आबांनी सांगलीकडे बदली मागून घेतली होती. आमच्या घरात पनवेल हा शब्दच कोणी उच्चारत नसे. आबा खाडीच्या माशांवाचून तिकडे झुरले, पण पनवेलचं नाव त्यांनी घेतलं नाही. आणि बाबांनी निवृत्त झाल्यावर सांगलीचं घर विकून रोडपालीत फ्लॅट घेतला. मी विचारलं होतं, इथेच का? तर म्हणे, हवा चांगली आहे. स्टील मार्केटच्या ट्रेलरांची धूळ दिवसातून दोनदा पुसावी लागते आणि म्हणे हवा चांगली. तरी जुन्या पनवेलच्या बाजारात ते पाऊल टाकत नाहीत. मासळीला चला म्हटलं की त्यांचं पोट दुखतं. मी आपली समजत होते की म्हातारपणचा विक्षिप्तपणा आहे.

इतकी वर्षं ही दोन माणसं एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर राहत होती, हे लक्षात आल्यावर मला गदगदून आलं. रडू येतंय म्हणून पुन्हा राग आला आणि मी पेले उचलून तरातरा वर निघाले.

"त्याच्यावर ओरडू नको," मागून आवाज आला. "ओरडल्यावर तो जास्त आत जातो."

बाबा न्हाणीघरातून बाहेर आले होते. केसांतून पाणी गळत होतं, अंगातला सदरा भिजलेला होता आणि ते गॅलरीत कपड्यांच्या दोरीआड उभे राहून खाली बघत होते. तिथून रिक्षाचं काळं टप दिसत होतं आणि टपाच्या बाहेर आलेला एक हात. हातात चांदीची बांगडी होती.

"तिने सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

"वखारीचं सांगितलं. कुवेतचं सांगितलं. तुम्ही मात्र ताप सांगितला."

"चौदा वर्षांचा होतो मी." बाबा माझ्याकडे न बघता बोलत होते. "ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी आबा मला खाडीवर घेऊन गेले. भावकीतले चार जण, भटजी. गवताची बाहुली केली. तिला ताईच्या निळ्या साडीचा तुकडा गुंडाळला. आबा म्हणाले, बापाने मुलीला अग्नी द्यायचा नाही, तू दे. मी दिला. खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या मारल्या. मडकं फोडलं. मग सगळ्यांनी कपड्यांसकट आंघोळ केली. घरी आल्यावर आई रडायला लागली तर आबा म्हणाले, सुतक संपलं की रडणंही संपलं पाहिजे."

मी आतून खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"दहाव्याला पिंड ठेवला. कावळे भरपूर होते, खाडीवर काय कमी? पण एक शिवेना. जवळ यायचे, मान वाकडी करायचे आणि जायचे. भटजी म्हणाले, तिची काहीतरी इच्छा राहिलीये, बोला. आबा बोलेनात. काका म्हणाले, तिचे दागिने देवीला घालू. नाही शिवला. मामा म्हणाले, तिच्या नावाने अन्नदान करू. नाही शिवला. ऊन डोक्यावर आलं. सगळी मोठी, शहाणी माणसं कपाळाला हात लावून बसलेली. आणि मला एकट्याला कळत होतं. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा कसा शिवेल? इतकी साधी गोष्ट. मला तर हसू यायला लागलं होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तो लावला पिंडाला. झालं. म्हणाले, शिवला."

"आणि तुम्ही दर वर्षी पान वाढता ते?"

"घरात तिचं नाव काढलं की आबा ताट भिरकावायचे. वर्षातला तो एक दिवस असा होता की नाव घेतलं तर कोणी काही म्हणत नसे. मेलेल्याचं नाव घेता येतं ना." त्यांनी दोरीवरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं. "मी मोठ्याने घ्यायचो."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्यात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या हातातला टॉवेल घेतला आणि दोरीवर नीट पसरला.

"इथे येऊन पाच वर्षं झाली, बाबा. शोधायचं तरी."

"शोधलं आणि कळलं की खरंच गेली, तर? न शोधता निदान असायची तरी." ते पुन्हा खाली वाकून बघायला लागले. चांदीच्या बांगडीचा हात आत गेला होता. रिक्षावाल्याने सीटवरून उतरून आळस दिला आणि बाबा एकदम दचकले. "निघाली का?"

"निघेल. उन्हात किती वेळ बसेल ती?"

मग मात्र जी धावपळ झाली ती विचारू नका. बाबांना भिजलेला सदरा काढून बँकेत जायचा इस्त्रीचा शर्ट हवा होता. बटणं वरखाली लागली. चपला सापडेनात, कारण त्या माझ्या पायात होत्या. "तुला अक्कल आहे का?" असं मला म्हणून ते अनवाणीच जिना उतरले, एका हाताने कठडा धरून, आणि मी मागून चपला हातात घेऊन.

रिक्षापाशी आल्यावर ते थांबले. म्हातारी आतून त्यांच्याकडे बघत होती. कोणी मोठ्याने रडलं असतं, मिठी मारली असती, तर आम्हा सगळ्यांनाच सोपं गेलं असतं.

"केस ओले आहेत तुझे," शेवटी ती म्हणाली.

"तू म्हातारी झालीस," बाबा म्हणाले.

"मग काय तुझ्यासाठी थांबून राहणार होते?" एवढं म्हणताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला. तिने ओढणीचं टोक तोंडावर धरलं, सावरलं आणि नीट ताठ बसली. आता ती पाठ करून आणलेलं बोलणार हे दिसत होतं. "उदया, ऐक. मी लग्नाची माफी मागायला आले नाही. ते मी पुन्हा केलं असतं. अब्दुल चांगला माणूस होता, सहा वर्षांपूर्वी गेला. आबांची आणि आईची माफी मागायची राहिली, ती आता वरच मागेन. तुझी मागायचीये ती वेगळी. त्या दुपारी मी तुला पोतं धरून करवतीपाशी उभा केला. म्हटलं, तू भुसा भर, मी आलेच. आणि मागच्या दाराने गेले."

बाबा जमिनीकडे बघत होते.

"तुला घरी ठेवून जाता आलं असतं मला. पण एकटी बाहेर पडले तर आई विचारेल, म्हणून तुला नेलं. तू किती वेळ उभा होतास तिथे?"

"वखार बंद होईपर्यंत," बाबा म्हणाले. "अब्दुलच्या चुलत्याने दिवे मालवले. म्हणाला, जा पोरा. मी म्हटलं, ताई येतेय. मग बाहेर उभा राहिलो, पोतं घेऊन. आबा शोधत आले तेव्हा अंधार पडला होता."

यूम्ना रडत होती. रिक्षावाल्याने मोबाइल खिशात ठेवला होता.

"कुवेतला असताना, पोरांना एकटं सोडून खाली दुकानात जायची वेळ आली की मला तू दिसायचास. मी त्यांना सांगायचे, येतेच असं म्हणणार नाही, कधी येईन ते सांगून जाईन." तिने रिक्षातून दोन्ही हात बाहेर काढले आणि बाबांचा हात धरला. "मला माफ कर. तेवढं तोंडाने म्हण, म्हणजे मी जायला मोकळी."

मी मनातल्या मनात म्हटलं, म्हणा बाबा. लवकर म्हणा. दोन शब्द आहेत.

"किती दिवस आहे ते?" बाबांनी विचारलं.

"चाळीस."

"ऊन असेल तिकडे."

"असतंच."

"गर्दी असते म्हणतात. चेंगराचेंगरी होते. तुझे गुडघे असे. शुगर आहे?"

"आहे. मुआज आहे ना सोबत. आणि तिथे मरण आलं तर आमच्यात नशीब समजतात, उदया. त्याचं भय नाही मला."

"हं," बाबा म्हणाले. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. "मग नाही करत माफ."

"बाबा!" मी किंचाळलेच. जोशीकाकू गॅलरीत आल्या.

"तू मध्ये बोलू नको." त्यांचा आवाज चढला होता, आमच्या घरात चढतो तसा, आणि डोळे गळत होते. "परत ये. आल्यावर माग. मग बघतो."

"अरे, असं ओझं घेऊन मी तिथे कशी उभी राहू?"

"राहा. हलकी होऊन गेलीस तर परत कशाला येशील?"

मला वाटलं आता तिलाही आमचा तो राग येईल आणि ती रिक्षावाल्याला चल म्हणेल. राग आलाही असावा, कारण तिचं नाक लाल झालं. ती यूम्नाकडे वळून म्हणाली, "बघितलंस? बापावर गेलाय." मग पुन्हा बाबांकडे. यावेळी आवाज बारीक होता.

"आणि नाही आले, तर?"

"तर मी उभा आहे," बाबा म्हणाले. "मला सवय आहे."

तिने त्यांचा हात आपल्या डोळ्यांना लावला, बराच वेळ तसाच धरून ठेवला आणि मग सोडला. माफीचा विषय तिने पुन्हा काढला नाही. रिक्षा सुरू झाली, गुलमोहराखालून निघाली आणि कोपऱ्यावरून हायवेच्या रस्त्याला लागली. यूम्ना मागे वळून हात हलवत होती. म्हातारीने मागे पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल तर टपामुळे आम्हाला दिसलं नाही.

मी बाबांच्या पायांपुढे चपला ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या, पण जिन्याकडे वळले नाहीत. शर्टाची बटणं अजून वरखालीच होती.

"चला वर," मी म्हटलं. "बुधवारी मी नेते तुम्हाला विमानतळावर."

"हो," ते म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

त्यांना ओढून वर न्यायचं माझ्या जिवावर आलं. सावली सरकली होती आणि ऊन थेट त्यांच्या डोक्यावर येत होतं, म्हणून मी वर जाऊन त्यांची टोपी घेऊन आले.